रामलिंग सरांची डावी चप्पल

औशाच्या शाळेत रामलिंग सर एकतीस वर्षं भूगोल शिकवतायत. कोकण किनारपट्टीचा धडा सुरू झाला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा कान टवकारतात. निळा खडू आडवा फिरवून सर फळ्यावर भरती आणतात, ओल्या फडक्यानं ओहोटी. नारळी-पोफळीच्या बागा, मिठागरं, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या लोटणारे कोळी, सगळं असं रंगवतात की नंतर माझ्या गणिताच्या तासाला पोरं तोंड पाडून बसतात. मला राग येतो, पण मीही व्हरांड्यात उभी राहून ऐकते.

एकच गोची होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पोरीनं विचारलं होतं, "सर, तुमी समुद्र बघितलाव का?" नवे मास्तर, छाप पाडायची हौस. "हाव, लई डाव बघितलाय," सर बोलून गेले. मग दरवर्षी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. खरं तर गडी सोलापूरच्या पलीकडं गेलेला नव्हता.

यंदा, सरांच्या निवृत्तीच्या वर्षी, सहल नेमकी कोकणात ठरली. वाट दाखवायला अर्थातच सर. त्या दिवशी त्यांनी मला गाठून सगळं सांगून टाकलं. "शिल्पाबाई, पोरांना कळलं तर एकतीस वर्षांच्या शिकवण्यावर पाणी फिरंल." मी हसले. चुकलंच माझं, त्यांचा चेहरा खरंच उतरला होता.

किनाऱ्यावर उतरलो आणि समुद्र बघून सर वाळूत जागीच थबकले. पोरं मात्र मागं लागली, "सर, चपला कुठं ठेवू?" सरांनी झोकात जागा दाखवली, पाण्यापासून वीस पावलांवर. आमच्या तेरणा नदीच्या काठी काढलेल्या चपला संध्याकाळपर्यंत जागच्या हलत नाहीत, त्यामुळं मलाही काही वावगं वाटलं नाही. बेचाळीस जोड ओळीनं मांडून आम्ही अनवाणी बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेलो. टोपल्यांभोवती कोळणींचा असा गलका, की औशाच्या मोंढ्यात धान्याची बोली लावणारे अडते लाजतील.

परत आलो तर चपलांच्या जागी गुडघाभर पाणी. लाल-निळ्या चपला पार आत लाटांवर डुलत होत्या. जाळं सांधत बसलेली एक कोळीण खदखदून हसली. "अहो मास्तर, भरतीची वेळ तरी विचारायची!"

सगळी पोरं सरांकडं बघायला लागली. सर पाण्यातच उभे, पँट भिजलेली. आता ते एखादी थाप मारतील असं मला वाटलं. मारावी, असंही वाटलं.

"पोरांनो, म्या खोटं बोलत आलो," सर म्हणाले. "समुद्र आज पहिल्यांदाच बघायलोय."

मग सातवीतली तनुजा पाण्यात शिरून त्यांच्याजवळ गेली. "न बघताच इतकं बराबर सांगितलाव, सर? मग चपलांचं काय टेन्शन? सहा तासांनी ओहोटी लागती, तुमीच शिकिवलंय. तवा हुडकू की!"

सर एवढे मोठ्यानं हसले की ती कोळीणही जाळं ठेवून बघायला लागली. मग पोरांनी त्यांना हाताला धरून लाटेत नेलं आणि पार न्हाऊ घातलं. इतका खूश माणूस मी शाळेत कधी बघितला नव्हता. संध्याकाळी खरोखर पाणी सरलं आणि दर्यानं वाळूत दूरवर टाकलेल्या चपला सापडल्या. काही गेल्या त्या गेल्याच. सरांची उजवी मिळाली, डावी नाही.

परवा पाचवीच्या वर्गात पुन्हा तो धडा होता. मी व्हरांड्यात होतेच. एक चिमुरडी उठली, "सर, तुमी समुद्र बघितलाव का?"

सरांनी पिशवीतून उजवी चप्पल काढून टेबलावर ठेवली. तिच्या पट्ट्यात अजून वाळू होती.

"बघितला. एकदाच. डावी त्याच्याकडंच हाय."