केरबामामांच्या हाडातला डाग

हाडं आपल्या सवडीनं जुळतात, त्यामुळे आमच्या नांदेडच्या ऑर्थो वॉर्डात पेशंटपेक्षा किस्सेच जास्त मुक्कामाला! मी तिथं नवा डॉक्टर होतो तेव्हाचे हे, सगळे एकट्या केरबामामांचे.

मामांची मुखेडजवळच्या खेड्यात पिठाची गिरणी. गुडघ्याला मार लागला म्हणून एक्स-रे काढला, तर वरच्या हाडात भलताच डाग दिसला. कॅन्सर की साधं काही, कळेना. मामांचा एकच सवाल, "डाक्टर, पाय ऱ्हातो का जातो?"

*

मला ऑपरेशनची भारी घाई. आमच्या वॉर्डाच्या प्रमुख सरांना विचारलं, "सर, खरवडून रॉड टाकून देऊ?"

"पाहुण्याचं नाव-गाव न विचारता पंगतीला बसवतोस?"

"आमच्याकडं बसवतात, सर!"

"मग ऑपरेशनही तिकडंच कर! अरे, कॅन्सर निघाला तर तुझी सुरीच तो पसरवेल."

मी ऑपरेशनच्या यादीतलं मामांचं नाव खोडलं.

*

जळकोटहून जीपभर पाहुणे आले. एक म्हणे पाय कापा, दुसरा म्हणे झाडपाला बांधा, तिसरा म्हणे हैदराबादला हलवा. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सल्ले तीन, पाय एक. आधी एमआरआय!"

*

लातूरला एमआरआय झाला. रिपोर्ट म्हणे, हेही असू शकतं, तेही असू शकतं.

मामा म्हणाले, "आता त्या मशीनलाबी दुसऱ्या डाक्टरला दाखवा!"

सगळे हसले. पण बायोप्सी ठरली आणि मामांचं जेवण तुटलं.

*

बायोप्सीच्या आदल्या दिवशी सरांनी पुन्हा विचारलं, "या पायाचा जुना एक्स-रे आहे का?"

मामा म्हणाले, "न्हाई." मामींना मात्र आठवलं. "आठ सालाखाली मोटरसायकलवरून पडले की हो!" त्या तशाच एसटीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म घेऊन हजर! तिच्यावर पिठाचा थर, चारही कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं. सरांनी स्वतःच्या रुमालानं पुसली, नव्या एक्स-रेशेजारी लावली. तोच डाग. तेवढाच. काठही तसेच.

"आठ वर्षं जागचा हलला नाही, त्याला आपण हात लावायचा नाही. बायोप्सी रद्द! सहा महिन्यांनी परत दाखवा."

मामा ढसाढसा रडले.

सर म्हणाले, "मामी, हा एक्स-रे आता आमच्या फाइलीतच राहू द्या."

मामींचा चेहरा पडला. "ठिवा की साहेब. पण बदली दुसऱ्या कुणाचा तरी द्या, गिरणीच्या खिडकीतून वारं लई येऊन राहिलं!"