शेवटचे चार डबे

मी शिरूरला दातांच्या कवळ्या बनवतो. मी डॉक्टर नाही. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माझ्या लॅबमध्ये येतं, आणि मी त्यावरून प्लॅस्टरचा साचा करून दात, कॅप, कवळी तयार करतो. पेशंट मला कधी दिसत नाही. पंचवीस वर्षं अनोळखी माणसांच्या तोंडात बसणाऱ्या वस्तू केल्यामुळे केसभर फरकही बोटांना कळतो. चाळिशी उलटल्यावर याच बोटांनी मी मालगाडीचे छोटे डबे जोडायला लागलो. त्याला कारण माझे सासरे.

आमचं घर मूळचं तळेगाव ढमढेऱ्याचं, भाजीपाला करणारं. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे गाडी म्हणजे एसटी एवढंच मला माहीत. रेल्वे माझ्या घरात आली ती लग्नानंतर. बायको दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, आणि तिचे वडील मालगाड्या तपासणारे. गाडी यार्डात थांबली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक डब्याखाली वाकून ब्रेक, स्प्रिंगा, चाकं बघायची, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा आणि मग गाडी सोडायला सही द्यायची. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. कंबर त्यामुळे कायमची थोडी वाकलेली राहिली.

लग्नानंतर बारा-तेरा वर्षं आमच्यात बोलणं असं झालंच नाही. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला पाव्हणं म्हणायचे. कवा निघाला, एसटीला गर्दी व्हती का, तिकडं पाऊस हाय का, एवढं विचारून झालं की ते पेपर उघडायचे. सासूबाई होत्या तोवर हे खटकलं नाही, त्या दोघांच्या वाटचं बोलायच्या. त्या गेल्यावर मामा दौंडच्या दोन खोल्यांत एकटे राहायला लागले. शिरूरला या म्हटलं की मान हलवायचे, येत नसत. एक रविवार सोडून आम्ही न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला जायचो. बायको आत भाजी-भाकरीचं बघायची आणि मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो.

बायकोचंही वडिलांशी फार गूळपीठ नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं मला सांगितलं होतं की तिच्या वाढदिवसाला आप्पा कधीच घरी नसायचे. मुद्दाम ड्युटी मागून घ्यायचे. रिटायर झाल्यावरसुद्धा त्या दिवशी सकाळी उठून स्टेशनवर जाऊन बसायचे आणि दिवेलागणीला परतायचे. "त्यांना मुलगा हवा होता," ती म्हणाली, आणि विषय संपवला.

मामांशी बोलायला काहीतरी हवं म्हणून मी त्यांच्या धंद्यातली एखादी वस्तू करून न्यायचं ठरवलं. मालगाडीचा एक बंद डबा, हातभर रुळावर उभा. शोधायला लागलो तर खेळण्यातल्या गाड्यांचं एक मोठं जगच निघालं. पण त्यातली नेहमीची मापं परदेशातल्या रुळांची. आपला रूळ रुंद, साडेपाच फुटांचा. त्या मापात आपला डबा केला तर तो अरुंद रुळावर फेंगडा उभा राहणार, आणि जन्मभर रुळावर काम केलेल्या माणसाला ते पहिल्या नजरेत दिसणार.

मग मला एक जुनं, मागं पडलेलं माप सापडलं. खऱ्या एका फुटाला तीन मिलिमीटर. या मापात काम करणारी माणसं आता थोडी उरली आहेत, बहुतेक म्हातारी, साता समुद्रापलीकडची. मी लॅबमधल्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला. साडेपाच फूट गुणिले तीन, साडेसोळा मिलिमीटर. आणि जगभर दुकानात सर्रास मिळणारा खेळण्यातला रूळ बरोबर साडेसोळाचा. ज्या मापाला कुणी विचारत नव्हतं त्यात आपली दौंडची लाइन अगदी चपखल बसत होती. मला इतका आनंद झाला की समोरच्या साच्यात प्लॅस्टर घट्ट होऊन गेलं.

त्या मंडळींपैकी एका वृद्ध गृहस्थांना मी पत्र लिहिलं. महिन्याभरानं टपालानं एक खोकं आलं. त्यात बंद डब्यांची चार किट होती. त्यांनी लिहिलं होतं की ही त्यांच्या मित्राची. मित्र वारला, त्याच्या बायकोला ती कुणीतरी पुरी करावीत असं वाटतं. किट म्हणजे पितळेचा कागदासारखा पातळ पत्रा, त्यावर कोरलेले भाग. ते कापायचे, रेघेवर दुमडायचे, डाख देऊन जोडायचे. एका पाकिटात दोन्ही टोकांच्या भिंती आधीच दुमडून जोडलेल्या होत्या. त्या माणसाचं काम माझ्यापेक्षा सफाईदार होतं.

डबे त्यांच्या देशातले, आपल्यापेक्षा अरुंद. मधे पट्ट्या घालून मी पहिला डबा रुंद केला, चाकांचे आस बदलले, दारं आपल्याकडच्यासारखी केली. कवळीचे दात घासून आकार द्यायची मशीन, मेण कोरायची हत्यारं, भिंग, चिमटे, सगळं हाताशी होतंच. चार महिने रविवारच्या दुपारी मी त्यावर बसलो. तपकिरी रंग दिला, पांढरी अक्षरं काढली, आणि जेवणाच्या डब्यात कापूस घालून तो दौंडला नेला.

मामांनी तो हातात घेतला. बाहेरून बघितलाच नाही, सरळ उलटा केला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी दिसेना म्हणून माझ्याकडून भिंग मागून घेतलं आणि खिडकीपाशी गेले.

"पाव्हणं, डबा सिक हाय," ते शेवटी म्हणाले.

बिघडलेल्या डब्याला रेल्वेत सिक म्हणतात, आजारी. तो गाडीतून काढून बाजूला ठेवतात. मी विचारलं काय झालं. ते म्हणाले, ब्रेकची दांडी नुसती लोंबतीय, तिच्याखाली पट्टी पाहिजे. पिन तुटली तर दांडी रुळावर पडती आन् गाडी उडती. मी जरा हिरमुसलो. म्हटलं, मामा, हे खेळणं आहे, खाली वाकून कोण बघणार.

"कुणी वाकून बघत न्हाई, म्हणून तर आमची नोकरी व्हती," ते म्हणाले.

त्या दिवशी ते दीड तास बोलले. पेन्सिलीनं पेपरच्या समासात दांड्या, पट्ट्या, पिना काढून दाखवल्या. बायको चहा घेऊन आली आणि दारातच थबकली, इतकं तिनं त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मी पट्टी लावून डबा परत नेला. त्यांनी पुन्हा भिंगातून बघितलं आणि फिट म्हणाले. मग डबा टेबलावर ठेवून, माझ्याकडे न बघता विचारलं, असले अजून तीन व्हतील का. मी म्हटलं, होतील, किट आहेत, पण वेळ लागेल. लागू द्या, पन चारी सारखे पाहिजेत, ते म्हणाले. चारच का, हे मी विचारलं नाही. पाकिटं चारच होती, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष रविवार भरून गेले. मी सुटे भाग न्यायचो, ते सांगायचे. स्प्रिंगेची पानं किती, दाराची कडी कुठल्या बाजूला, चाकाला तडा असेल तर हातोडीचा आवाज कसा बसका येतो. यार्डातल्या गमती सांगायचे. आम्ही दोघं एका टेबलाशी डोकी जोडून बसायचो आणि जेवायला बायकोला दोनदा हाक मारावी लागायची.

चारही डबे तयार झाले तेव्हा त्यांनी फोनवर एक तारीख सांगितली, त्या दिवशी आना. ती बायकोच्या वाढदिवसाची तारीख होती. मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, आप्पा तारीख विसरले असतील, एरवी त्या दिवशी घरात थांबले नसते.

गेलो तर मामा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ओसरीवर बसले होते. मी रुळाचा तुकडा पाटावर ठेवला, चारही डबे एकामागं एक उभे केले. त्यांनी पाटाशेजारी सतरंजी टाकली, गुडघे दुखत असताना खाली बसले आणि पहिला डबा उचलला. एकेक चाक फिरवलं, एकेक दांडी बोटानं चाचपली. पहिला फिट. दुसरा फिट. तिसरा त्यांनी पुन्हा पुन्हा फिरवला आणि हात थांबला.

"यात पिन न्हाई," ते म्हणाले.

खरंच नव्हती. तांदळाच्या कणीपेक्षा लहान पिन, एक तर मी लावायला विसरलो होतो किंवा वाटेत गळली होती. मी म्हटलं, आता लावतो, माझ्याकडे तार आहे. पण मामांचा चेहरा उतरला होता. ते स्वतःशीच म्हणाले, म्हंजी बघायलाच पाहिजे व्हतं. मग माझ्याकडून चिमटा आणि तार घेतली. तार तीनदा पडली, तिन्ही वेळा त्यांनी सतरंजीवरून ती शोधून उचलली आणि मला हात लावू दिला नाही. अर्धा तास गेला. बायको दारात उभी राहून बघत होती. शेवटी पिन बसली, त्यांनी चौथा डबाही तपासला, तो खाली ठेवला आणि डोळे पुसले.

बायको त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिनं विचारलं, आप्पा, एवढं काय आहे यात.

मग त्यांनी सांगितलं. दौंडला बदली व्हायच्या आधी ते लांबच्या एका लहान स्टेशनात होते. एका दुपारी मालगाडी तपासत असताना कुणीतरी पळत निरोप घेऊन आलं की घरून बाईंना दवाखान्यात नेलंय. गाडीचे शेवटचे चार डबे राहिले होते. ते चार डबे त्यांनी उभ्या उभ्या बघितले, खाली वाकले नाहीत. सही दिली आणि दवाखान्याकडे पळाले. ते पोचले तेव्हा मुलगी झाली होती. नर्सनं ती त्यांच्या हातात दिली, आणि त्यांच्या कानात ती गाडी वाजत होती. गाडी घाट उतरून पार पोचेपर्यंत दोन दिवस ते स्टेशनात जाऊन विचारत राहिले. काही झालं नाही. गाडी सुखरूप पोचली. कुणाला कळलंही नाही.

"पन माझं मला म्हाईत व्हतं," मामा म्हणाले. "दरसाली तुझा दिस आला की त्ये चार डबं आठवायचे. तुझ्या तोंडाकडं बघवत नसायचं. तुला सांगितलं आसतं तर तुला वाटलं आसतं, माझ्यामुळं झालं."

मला वाटलं बायको रडेल, किंवा इतकी वर्षं काय वाटत आलं ते बोलून दाखवेल. तिला तो हक्क होता. तिनं खाली वाकून तिसरा डबा उचलला, तो उलटा करून भिंगातून ती पिन बघितली, आणि मग विचारलं, "मला उचललं तेव्हा हात तरी धुतले होते का?"

मामा गोंधळले. थोडं आठवून म्हणाले, "न्हाई. ग्रीस व्हतं हाताला. तुझी आई लई बोलली मला."

"काय बोलली?"

त्यांनी ते सांगितलं. सासूबाई काय बोलल्या, पांढऱ्या दुपट्यावर काळी पाच बोटं कशी उमटली, नर्सनं त्यांना कसं बाहेर काढलं, वाटेत पळताना एका पायातली चप्पल कुठं राहिली. ती एकेक प्रश्न विचारत गेली आणि ते सांगत गेले. मी उठून आत गेलो, गॅसवर आमटी चढवली आणि जमेल तशा चपात्या लाटल्या. बाहेरून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. मधेच दोघं हसली. जेवताना माझ्या चपात्यांच्या आकारावरून मामांनी माझी थट्टा केली, आजवर कधी केली नव्हती.

मामा अजूनही दौंडलाच राहतात. आता अधूनमधून शिरूरला येऊन आठ-आठ दिवस राहतात, पण लॅबमधल्या रसायनांचा वास त्यांना सोसत नाही. मी आता तेलाच्या टाकीचा डबा करतोय, त्याचं किट मिळत नाही म्हणून पितळेची नळी कापून. यंदा बायकोच्या वाढदिवसाला सकाळी सातला त्यांचा फोन आला. मला वाटलं टाकीबद्दल विचारायला असेल, म्हणून मी हात पुसून वाट बघत बसलो. ते लेकीशी वीस-पंचवीस मिनिटं बोलले, बहुतेक नळाला पाणी न आल्याबद्दल आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल. मग तिनं फोन ठेवून दिला. मला त्यांनी बोलावलंच नव्हतं.