सासऱ्यांचा घट्ट हात

आमच्या बंदरावर मासळीचा शेवटचा भाव हातात हात घेऊन ठरायचा. हात सुटला की भाव पक्का. तोवर विकणारा थोडा वर ढकलू शकतो. माझे सासरे ह्या कामात नावाजलेले होते. त्यांनी एकदा हात धरला की व्यापाऱ्याला तो सोडवून घेता येत नसे. बिचारा वाट बघे, मग चारचौघांत शोभा नको म्हणून भाव वाढवून देई. म्हाताऱ्याचा हात घट्ट, त्या घरात बरकत, असं सगळा गाव म्हणे. माझ्या वडिलांनी हेच ऐकून मला तिथे दिली.

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी वेगळं पाहिलं. सासरे पहाटे चुलीशी बसून मूठ शेकत होते आणि एकेक बोट उघडत होते. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, आयुष्यभर दोर ओढलेला हात आहे, असाच असायचा.

पुढे सासरे होडीला टेकून बसले होते ते बसल्या जागीच गेले. मग तसाच हात माझ्या नवऱ्याचा झाला. बापाचा गुण उतरला, म्हणून लोक खूश. पण काही वर्षांत बाकीचंही आलं. पाय अडखळू लागले, गाल बसले, बोलता बोलता दुपारी डोळे मिटू लागले. गावाने त्यांना आळशी ठरवलं. घर चालवायला मी डोक्यावर पाटी घेतली. बाजारात बसले, भांडले आणि पुढे होड्यांवरून थेट माल उचलून बर्फात घालून गोव्याला पाठवू लागले. माझी जीभ तिखट आहे. माझा टेम्पो तिच्यावरच उभा राहिला.

दोन हजार आठच्या सुमारास नवरा अंगणात पडला, तेव्हा त्यांना गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "घट्ट दाबा. आता सोडा." ह्यांना तो सोडता येईना. बाईंनी हात ओढला नाही, शांतपणे बोटांकडे बघत राहिल्या. कधीपासून असं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे ह्याचं कौतुक करतात. त्या हसल्या नाहीत.

रोग स्नायूंचा होता, आणि रक्तातून आलेला. बाईंनी मला दोनदा समजावलं, कारण पहिल्यांदा मी त्यांच्याशीच भांडले. प्रत्येक पेशीत शरीराच्या कामाचे हुकूम लिहिलेले असतात, त्यांच्या नकला निघतात, त्यांना आरएनए म्हणतात. त्या नकला धरणारी, नको तो भाग कापणारी, कुठे आणि केव्हा पोचवायच्या ते ठरवणारी प्रथिनं असतात. ह्यांच्यात एका नकलेत तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येऊन ती भलतीच लांब झालीय. कापणारी प्रथिनं तिलाच चिकटून बसलीत. बाकीच्या नकला मग बाळ पोटात असताना कापतात तशाच कापल्या जातात. म्हणून आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही. झिजलेला स्नायू भरून काढणाऱ्या मूळ पेशी असतात, त्यांचंही काम नीट होत नाही.

मला ते रापणीवरून, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरून कळलं. एक रापण खडपात अडकली, आणि सगळा गाव तिच्याच दोराला लोंबकळत राहिला, तर बाकीच्या होड्या ओढायला माणूस कुठून येणार? बाई म्हणाल्या, अगदी तसंच. मग मी विचारायचं तेच विचारलं. मुलांना होतं का? होऊ शकतं, त्या म्हणाल्या. निम्मी शक्यता, आणि पुढच्या पिढीत रोग लवकर आणि जास्त जोराने येऊ शकतो.

मला एकच मुलगी. तिला नुकतंच एक स्थळ आलं होतं.

घरी आल्यावर मी पाटी खाली ठेवतात तसं सगळं सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"तुमका ठावक होता, आये. मूठ शेकूक विस्तव तुमीच घालीत होतास."

"घाली होतंय. पण रोग म्हणान कोण बघता गो? त्या मुठीर घर चालला."

"आणि माझ्या चेडवाचा, ह्या एकुलत्या लेकीचा काय?"

त्या उठून चुलीतली लाकडं सारखी करू लागल्या. त्यांच्यावरचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. सडकी मासळी बर्फाखाली लपवून विकणाऱ्याला मी बाजारात उभं केलं नसतं.

तपासणी करायची हे मुलीनेच ठरवलं. रक्त मुंबईला गेलं. निकाल येईपर्यंत ती येता-जाता मूठ आवळून उघडून बघायची आणि मी तिच्याकडे न बघितल्यासारखं बघायची. एका सकाळी कोळंबी सोलताना तिची बोटं वाकडीच राहिली. शेजारीण म्हणाली, बर्फात हात घालून सोलणाऱ्या सगळ्या बायकांची बोटं अशी आखडतात, तुझी नाय आखडत? आखडतात. पण त्या दिवशी मी जेवले नाही.

निकाल घ्यायला आम्ही तिघं पुन्हा गोव्याला गेलो. बाई म्हणाल्या, "मुलीत तो दोष नाही."

"म्हणजे थोडा तरी असेल?"

"ह्यात थोडं नसतं. अजिबात नाही."

मी तेच आणखी एकदा वदवून घेतलं. नवऱ्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरा झाला." परत येताना ते एस.टी.त झोपले, मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली, आणि मी सावंतवाडीपर्यंत कारण नसताना कंडक्टरशी गप्पा मारल्या.

स्थळ घेऊन येणाऱ्या मध्यस्थाला मी सगळं सांगितलं. बापाचा रोग सांगितला, मुलीचा कागद दाखवला. माझ्या बाबतीत झालं तसं मला कुणाच्या लेकाशी करायचं नव्हतं. मध्यस्थाने कागद दोनदा वाचला आणि मान खाजवली.

"कागद बरो आसा. पण बापाक असलो रोग म्हटल्यार आमचो काय तरी विचार व्हयो. दागिने थोडे वाढवून वगैरे."

मी उठून उभी राहिले. "चेडू बरा आसा, ता तू वाचलंस. आता वजनात खोट काढूक बसा नको. चल, ऊठ."

तो चपला शोधत निघून गेला. त्याच्यासाठी टाकलेला चहा घेऊन मुलगी बाहेर आली.

"पाव्हणो खंय गेलो?"

"घालवलंय."

ती खांबाला टेकून हसायला लागली. मग आम्ही दोघींनी पायरीवर बसून तो चहा प्यायला. साखर जास्त झाली होती, पण मी काही बोलले नाही.