टँकरच्या आधीच मोडलेला हात

त्या हाताची हकिकत निघाली की मला आजही हसू आवरत नाही. फौजदारकीच्या नोकरीत मी खोटे कबुलीजबाब पोत्याने ऐकले. पण न केलेल्या गुन्ह्याचा अगदी प्रामाणिक कबुलीजबाब ऐकला तो एकदाच.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ठाण्यातले छापील कागद अजून जुन्या जिल्ह्याचेच होते. आमचे रायटर हवालदार सकाळी जुनं नाव खोडून वर नवं लिहीत बसायचे आणि जिल्हा आपणच स्थापन केल्यासारखे चहा मागवायचे. त्यात दुष्काळ. देवणीकडच्या विहिरींनी तळ दाखवला होता, गावोगाव टँकर फिरत होते आणि आमची भांडणं टँकरच्या मागे मागे फिरत होती.

अशाच एका दुपारी ठाण्यावर एक बैलगाडी आली. गाडीत फिर्यादी बसलेले, उजवा हात डाव्या हातात लेकरासारखा धरलेला. गाव त्यांना आप्पा म्हणायचं, मीही तेच म्हणतो. आप्पांकडे देवणी जातीचा वळू होता. देवणी जनावर मुळातच शांत, आणि आप्पांच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या वळूने तर कधी माशीलासुद्धा शेपूट मारली नव्हती. आसपासच्या गावांतल्या गायी त्याच्याकडे यायच्या. नव्या जिल्ह्यातलं जनावरांचं पहिलं प्रदर्शन तोच जिंकणार, असं आप्पांनी परस्पर जाहीरही करून टाकलं होतं.

फिर्याद अशी होती की टँकरपाशी शेजारच्या तरुणाने ढकललं, ते पडले आणि हात मोडला. हाड मोडणं म्हणजे कायद्याने गंभीर दुखापत, म्हणजे दखलपात्र गुन्हा. नुसता मुका मार असेल तर अदखलपात्र. फरक मोठा होता, कारण तो शेजारचा तरुण पोलीस भरतीत निवडला गेला होता आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर पडला होता. गुन्हा दाखल झाला असता तर वर्दी अंगावर चढण्याआधीच उतरली असती.

गाडीच्या मागोमाग तो स्वतःच चालत आला. चौकशीसाठी मी खुर्चीत जरा ताठ बसलो, आवाज खाली आणला, पण सगळी तयारी वाया गेली. मी पहिला प्रश्न विचारायच्या आत तो म्हणाला, "सायेब, म्या ढकललं. ते रांग मोडून बादली घुसवून राहिले होते. पडले अन् वरडले. हात म्याच मोडला, लिवून घ्या."

रायटर हवालदारांनी पेनाचं टोपण काढलं. मी म्हटलं, आधी मेडिकल यादी, म्हणजे दवाखान्याला तपासणीचं पत्र लिहा, हाड मोडलंय की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. यावर सगळ्यात खूश झाले ते आप्पा. जिल्ह्याच्या गावी एक्स-रेचं यंत्र आहे, तिथेच न्या, असा त्यांनी हट्ट धरला. "यंत्र काय कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई, सायेब. मोडलंय तर मोडलेलंच दिसंल." एका शिपायाबरोबर त्यांना एसटीने पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना आमच्या नेहमीच्या न्हाव्याने गालावर वस्तरा ठेवून सहज म्हटलं की आप्पा महिनाभर शाल पांघरून दाढीला येत होते. बाहेर ऊन असं की खुर्चीचं लोखंड भाजतंय, आणि हा माणूस शालीत. उजवा हात शालीच्या आत. "आपल्याला काय त्यातलं कळत न्हाई," एवढं बोलून त्याने दुसऱ्या गालाला फेस लावला. खबर देणारी माणसं अशीच बोलतात. सगळं सांगतात आणि काहीच सांगितलं नाही असं दाखवतात.

अर्धी दाढी कशीबशी पुरी करून मी लातूर गाठलं. प्रमाणपत्रात जखमेचं वय लिहायचा एक रकाना असतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो भरून ठेवला होता आणि त्या माझी वाटच पाहत होत्या. त्यांनी फिल्म खिडकीला लावली. मनगटाच्या वर हाड मोडलेलं मलाही दिसलं. पण मोडलेल्या जागेभोवती धुरकट पांढरी गाठ होती. बाई म्हणाल्या, हाड हे काही वाळलेलं लाकूड नाही, ते जिवंत असतं. मोडलं की आतून रक्त येतं, ते गोठतं, त्यात आधी मऊ आणि मग चुन्याने भरलेलं कडक नवं हाड तयार होतं. घाईत ते गरजेपेक्षा जास्त भरतं, म्हणून ही गाठ. पुढे महिनोन्‌महिने शरीर ती हळूहळू झिजवून हाड पुन्हा सुबक करतं. कालच मोडलेल्या हाडाच्या कडा मात्र धारदार दिसतात आणि गाठ तर औषधालाही सापडत नाही. "फौजदारसाहेब, हे हाड निदान तीन-चार आठवड्यांपूर्वी मोडलंय. नवी मोड कुठेच नाही."

फिल्म घेऊन मी थेट आप्पांच्या अंगणात उतरलो. आप्पा बाजेवर होते, त्यांच्या कारभारीणबाई दारात निवडण घेऊन बसल्या होत्या आणि गोठ्यात तो सुप्रसिद्ध वळू रवंथ करत होता. मी वळूची भरपूर तारीफ केली आणि सुचवलं की डाव्या हाताने का होईना, त्याला जरा बाहेर आणा, डोळे भरून पाहू द्या. आप्पा म्हणाले, झोपलाय. वळूने माझ्याकडे टक लावून पाहिलं.

मग मी फिल्म उन्हात धरली. "आप्पा, टँकर आला काल. अन् हे हाड महिनाभरापासून जुळून राहिलंय. आपण मोडणार हाय, हे त्याला आधीच कसं कळलं वो?"

 मोड दिसेल हे आप्पांना ठाऊक होतं, मोडीचं वय दिसेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कारभारीणबाईंनी सूप खाली ठेवलं. "सांगा की आता. त्या मुक्या जनावराची कशाची चूक? तहानलं होतं. तुमी पाण्याची घागर त्याच्या तोंडासमोरून घरात घेऊन चालले, त्यानं मान वळवली, तुमी पडले. लाज तुमाला, अन् नोकरी त्या पोराची?"

मग सगळं बाहेर पडलं. लेकरासारख्या वळूने धन्याला पाडलं हे गावाला कळलं असतं तर गायी येणं बंद झालं असतं, प्रदर्शन तर दूरच. म्हणून आप्पांनी लांबच्या गावी हाडवैद्याकडे जाऊन हाताला बांबूच्या कामट्या बांधून घेतल्या आणि वर शाल ओढली. कामट्या नुकत्याच सोडल्या होत्या; टँकरपाशी पडल्यावर दुखऱ्या हातात खरंच ठणका उठला, ते ओरडले, लोक जमले आणि लपवलेल्या हाताला आयतंच कारण मिळालं. एकदा फिर्याद बोलून बसल्यावर मागे कसं फिरावं ते त्यांना कळेना.

आप्पांनी पुरवणी जबाब दिला. अट एकच घातली, की वळूचा उल्लेख नको. मी लिहिलं, 'पाय घसरून पडलो.' खाली डाव्या हाताचा अंगठा. खोट्या फिर्यादीबद्दल समज देताना मी आवाज इतका चढवला की गोठ्यातला वळू उठून उभा राहिला आणि आप्पा बाजेच्या पलीकडे सरकले.

पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा मारून मी त्या तरुणाला बोलावलं. त्याला आनंद झाला, पण चेहऱ्यावरचा गोंधळ काही जाईना. "पण सायेब, म्या तर कबूल केलं होतं. मग म्या खोटं बोललो का?"

मी म्हटलं, "खोटं न्हाई बोललास. पण कबूल करणाऱ्यालाही सगळं ठाऊक असतं असं न्हाई. उद्या तुझ्यासमोर कुणी कबुली दिली, तर आधी त्याला पाणी पाज आणि मग हाड बघायला जा."

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते हेच. माणूस पैशासाठी खोटं बोलतो त्याहून जास्त हसं होईल या भीतीने बोलतो, आणि सरळ माणूस दुसऱ्याची मोडसुद्धा स्वतःच्या अंगावर घेतो. पोलिसाने या दोघांच्याही शब्दावर थांबू नये. पुढे तो पोरगा चांगला हवालदार झाला. त्याच्या ठाण्यावर कबुलीजबाब मिळायला जरा वेळ लागतो, अशी वरिष्ठांची तक्रार माझ्या कानावर आली, तेव्हा मी घरी पेढे आणले.