साडीची लांबी

खालापूरकडच्या एका वाडीवर ती मला एकदाच भेटली. तिचं नाव मी फॉर्मवर लिहिलं होतं. इथे लिहीत नाही. अडीच वर्षांच्या मुलीला झोपडीच्या खांबाला बांधून आई कामावर जाते, अशी तक्रार आमच्या बालकल्याणाच्या कार्यालयात आली होती. मुलीला बालगृहात हलवायचं ठरवूनच मी जीप घेऊन गेले होते, आणि खरं सांगते, रागातच गेले होते.

जवळच्या फार्महाऊसवर ती गवत कापत होती. जीप दिसताच धावत आली. ओरडली नाही, रडली नाही. आधी लेकीच्या पायाची गाठ सोडली आणि घोटा हलकेच चोळला. जुनी मऊ साडी होती ती, आणि गाठीच्या आत फडक्याची घडी घातलेली. मग तिने साडी जमिनीवर ताणून दाखवली. ती पाण्याच्या हंड्यापर्यंत पोचत होती, जांभळाच्या सावलीपर्यंतही पोचत होती. पुढे चार पावलांवर बिनकठड्याची विहीर होती. तिथवर मात्र पोचत नव्हती.

"म्याडम, पोरगी न्यायला गाडी आनलीत," ती म्हणाली. "तिच्यातनं इटा आनल्या असत्यात, तं इहिरीला कठडा झाला असता. मंग कशाला बांधली असती मी हिला?"

फॉर्मवर ‘मुलीला धोका कोणापासून?’ असा रकाना होता. त्यात आईचं नाव मी ऑफिसातच लिहून नेलं होतं. ते खोडून मी ‘विहीर’ लिहिलं, आणि ड्रायव्हरला जीप कर्जतच्या वाटेवरच्या वीटभट्टीकडे घ्यायला सांगितली.