सीताराम काका आणि धरणावरचे दोघे

सरांनी वर्गात एक पिक्चर दाखवला. धरण भरलंय, दरवाजे उघडले तर खालची वाडी बुडणार, नाही उघडले तर अख्खं शहर. साहेब म्हणतो उघडा, जास्त माणसं वाचतील. चावी असलेला त्याच्या हाताखालचा पोरगा म्हणतो माझ्या हाताने मी कुणाला बुडवणार नाही. शेवटी साहेब कुलूप तोडतो. सर म्हणाले एक उपयुक्ततावाद, दुसरा कर्तव्यवाद, तुलना करा आणि ओळखीच्या माणसाचं उदाहरण द्या.

मला लगेच सीताराम काका आठवला. पप्पांचा सख्खा मोठा भाऊ. खाडीच्या बांधावरची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचा दरवाजा, तो सांभाळायचा. चार वर्षांपूर्वी जुलैत ती अडकली आणि पावसाचं पाणी अकरा घरांत छातीपर्यंत चढलं. पप्पा त्याचा हात धरून उभे, नको म्हणत. काकाने हात सोडवला आणि बांध फोडला. घरं वाचली. पण भरतीला खाडीचं खारं पाणी आमच्या शेतात शिरलं, तीन वर्षं भाताचा दाणा नाही. त्यातलं अर्धं शेत काकाचंच होतं. पप्पा तेव्हापासून त्याच्याशी बोलले नाहीत. वाचलेल्या घरांनी पहिल्या वर्षी नारळ आणून दिला, मग तेही बंद.

मी सरळ गेले त्याच्याकडे, घरी न सांगता. बांधाजवळ एका खोलीत राहतो, एकटाच. मोबाईलवर पिक्चर दाखवला. संपल्यावर म्हणाला, "मंग त्या साहेबाकडं जेवायला कोन गेला?"

"ते नाही दाखवलं."

"तेच तर दाखवायचा."

मग मला जेवायला बसवलं. तळ्यातल्या जिताडा माशाचं कालवण. ताट एकच होतं, तो टोपातच जेवला. निघताना डबा भरून दिला. "हरेश्वरला, तुझे बापाला, आवडतो. पन माझा नाव नको, मैतरनीचे आयशीनं दिला सांग."

"मी खोटं नाही बोलणार."

"मंग डबा ठेव हितं."

नाही ठेवला. घरी खोटंच बोलले, अमिषाच्या आईने दिलं म्हणून.

पप्पांनी काटे चोखून खाल्लं. डबा स्वतः घासला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो ना, म्हणून त्यात यंदाचे तांदूळ भरले, त्याच शेतातले, तीन वर्षांनंतर आलेले पहिले. म्हणाले, "बाईचा हात अगदी आमच्या आईसारखा हाय."

दुसऱ्या दिवशी काकाने डबा उघडला आणि तांदूळ हातावर घेऊन बघतच बसला. शेत ओळखलं असणार.

"त्यानं भरला?"

"हो."

"माझेसाठी?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? एवढा एक माणूस खूश झाला असता, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तो असा बघत होता की मला जमलंच नाही.

"नाही काका. त्यांना वाटतंय डबा अमिषाकडचा आहे."

त्याने तांदूळ परत डब्यात सोडले, एकही दाणा सांडू न देता. "बरा," म्हणाला आणि चहा ठेवायला वळला.

मला राहवलं नाही. "पप्पा म्हणाले, बाईचा हात अगदी आमच्या आईसारखा आहे."

काका पाठमोराच उभा राहिला. काडी हातात तशीच, पेटवलीच नाही.

"परत सांग," म्हणाला.

मी परत सांगितलं.