तीन पानं आणि पाच ओळी

जानेफळच्या माझ्या मित्राचा मी हेवा करायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही. शाळेत त्याचा नंबर पहिला, माझा दुसरा. त्याच्याकडे सायकल, मी डोणगावाहून पायी. त्याला मौलवींनी हौसेनं उर्दू शिकवली. मला कुणी हौसेनं काही शिकवलं नव्हतं. माझ्याजवळ होती ती फक्त लेखणी. अर्ज लिहावा तर यानंच, असं गावात म्हणत.

बुलढाण्याच्या कचेरीत कारकुनाची जागा निघाली. एकच. घरी आम्ही सगळे त्या जागेकडे डोळे लावून बसलो होतो, आणि एके दुपारी तो सायकल टेकवून ओसरीवर आला.

"मले बी अर्ज करा लागते. लिहून दे न बे. तुह्यासारखं मले जमत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याच्या घरी एवढी काळी जमीन, आणि हा माझ्या ताटातल्या घासावर टपलेला! पण नाही म्हटलं असतं तर पोटातलं ओठावर आलं असतं. बसलो लिहायला.

त्या काळी अर्ज म्हणजे निम्मी कुळकथा. वाडवडिलांनी सरकारची काय सेवा केली, ते आधी यायचं. त्याच्या घरात पाटीलकी. आजोबांनी दुष्काळात माणसं जगवलेली. मी ते सगळं मुद्दाम गाळलं. नाव, गाव, वय, परीक्षा. मोडी आणि उर्दू वाचता येते. जमीन मोजणीत पटवाऱ्याच्या हाताखाली एक हंगाम काम केलं. झाल्या पाच ओळी.

"इतकंच काऊन?"

"सायबाले येळ नसते," मी ठोकून दिलं. त्यानं मान डोलावली आणि तिथंच बसून आपल्या अक्षरात उतरवून घेतलं.

माझा अर्ज तीन पानी झाला. आजोबा आले, चुलते आले, दौऱ्यावरच्या साहेबाचा घोडा धरणारे मामासुद्धा आले. वाचून माझेच डोळे भरून आले.

कचेरीत शिरस्तेदारांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. माझी पानं उलटून म्हणाले, "मामांनी घोडा धरला, समजलं. तुला काय येतं, ते कुठं आहे?"

मी पाहिलं. कुठंच नव्हतं. मला मोडी त्याच्याहून चांगली यायची, पण मामांच्या गर्दीत ती लिहायचीच राहिली होती.

जागा त्याला मिळाली. आठवड्यानं तो पेढे घेऊन माझ्या दारात आला. मी इतका जळत होतो की ये म्हणायचंही सुचलं नाही.

आईसमोर तो म्हणाला, "काकू, हे याच्यानंच झालं. दुसरा कोनी असता तर त्यानं चांगला अर्ज सोतासाठी ठेवला असता."

खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. त्यानं त्यात पेढा घातला.